कार्य शून्य

आमच्या घरात माझा अभ्यास कानाने मोजला जायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, निरक्षर. सही करायची वेळ आली की अंगठा पुढे करायचे आणि वर म्हणायचे, "ही आमची सही, हिची नक्कल न्हाई व्हत." पण माझा आवाज चालू असला म्हणजे पोरगी अभ्यास करते आणि बंद झाला म्हणजे डुलकी काढते, हा त्यांचा हिशेब पक्का होता. त्यात त्यांची तरी काय चूक म्हणा. मी सहा वर्षांची असताना आई गेली. तोवर आम्ही दर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन घाट उतरायचो आणि पावसाच्या आधी वर यायचो. आई गेल्यावर आप्पांनी कळप विकला, पिंपळवंडीच्या मळ्यात दोन खोल्या होत्या त्या सारवून घेतल्या आणि मला शाळेत घातलं. "मेंढरांमागं फिरून तुझं शिक्षान व्हायचं न्हाई," एवढंच बोलले. पुढे कुणी विचारलं तरी या विषयावर त्यांचं तोंड उघडायचं नाही.

कळप चरायला सोडला की मेंढका सारखा बघत बसत नाही, ऐकत बसतो. पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी वाजते आहे तोवर सगळं ठीक. घंटी थांबली की उठून बघायचं. कळप गेला तरी आप्पांची ही सवय गेली नाही, ती माझ्यावर आली. संध्याकाळी मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे आणि ते उंबऱ्याशी बसून चातीवर लोकर कातायचे. कुणा पाहुण्याच्या मेंढरांची लोकर मागून आणायचे, नुसतं हाताला काम हवं म्हणून. मी वाचताना थांबले की चातीही थांबायची आणि बाहेरून विचारणा व्हायची, "का थांबलीस गं?" मग मी पाण्याचा घोट घेऊन पुन्हा सुरू.

आणि मी वाचायचे, राव! घडाघडा. शाळेत साहेब तपासणीला आले की गुरुजी मलाच उभी करायचे. प्रकट वाचनाच्या स्पर्धेत तालुक्याला दोनदा नंबर आला. जुन्नरच्या त्या हॉलमध्ये माईकसमोर मी न अडखळता दोन पानं फेकली आणि खाली बसलेल्या बायका एकमेकींना म्हणाल्या की पाण्यासारखं वाचते बघा. काय वाचलं ते मला कुणी विचारलं नाही आणि मलाही स्वतःला विचारावंसं वाटलं नाही. विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

नववीत विज्ञानाच्या पुस्तकात एक वाक्य होतं. बल लावूनही विस्थापन झालं नाही तर कार्य शून्य. मी ते तीनदा वाचलं, पाठ व्हावं म्हणून. उंबऱ्याशी चाती थांबली. आमच्याकडे कार्य म्हणजे लग्नकार्य, दुसरं कसलं नाही. आप्पांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "येवढं बळ लावूनबी कार्य झालं न्हाई म्हंजे पोरीकडच्यांनी मोडलं आसंल." मी हसून हसून लोळले. विस्थापन हा शब्द त्यांना माहीत होता, कारण आंबेगावकडची गावं धरणात गेली तेव्हा तो सगळ्यांच्याच कानावर पडला होता. त्यामुळे त्या वाक्यातल्या तीन शब्दांपैकी बळ आणि विस्थापन त्यांना बरोबर कळले होते, आणि कार्य मला तरी कुठे कळलं होतं? परीक्षेत मात्र मला पैकीच्या पैकी.

त्या दिवसापासून तो शब्द घरातलाच झाला. कुणाचं ठरलेलं लग्न फिसकटलं की आप्पा म्हणायचे, झालं कार्य शून्य. दहावीनंतर आळे गावची आत्या येऊन बसली, पोरीचं कार्य उरकून टाका म्हणून. आप्पा तिला गंभीर चेहऱ्याने म्हणाले की अजून पोरीचं विस्थापन व्हायचंय, त्याशिवाय कार्य होत नाही, पुस्तकात लिहिलंय. आत्याला काही उमगलं नाही. ती चहा पिऊन निघून गेली आणि मी अकरावी सायन्सला नाव घातलं.

कॉलेज नारायणगावला. एसटीने जायचं, वारूळवाडीच्या फाट्यावर उतरून चालायचं. सायन्स सगळं इंग्रजीत. मला त्याचं भय वाटलं नाही, कारण इंग्रजी अक्षरं मला लागत होती आणि अक्षरं लागली म्हणजे वाचता आलं असं मी समजत होते. दुसऱ्याच आठवड्यात फिजिक्सच्या सरांनी मला उभं केलं आणि पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला सांगितला. मी वाचला, माझ्या जुन्या वेगात. सर म्हणाले, "छान. काय म्हणतोय तो?" मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. म्हणून मी तोच परिच्छेद पुन्हा वाचला, या वेळी जरा मोठ्याने.

वर्ग फुटला हसून. सर हसले नाहीत, त्यानेच जास्त लागलं. तासानंतर त्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं की विज्ञानाचं पुस्तक असं वाचायचं नसतं. एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. हे कशावरून म्हणतोय ते विचारायचं. आकृती असली तर आधी आकृती बघायची, मग मजकूर. पुढच्या वाक्यात काय येणार ते आपणच मनात सांगायचं आणि मगच ते वाचायचं, चुकलं तर का चुकलं ते बघायचं. एका संध्याकाळी एक पान झालं तरी पुष्कळ, म्हणाले. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, एक पान? आमच्या आप्पांना कळलं तर कॉलेजातनं काढून घरी बसवतील.

त्याच पावसाळ्यात मामा आले. ते भोसरीला कंपनीत होते. त्यांनी नवीन टेप घेतला होता, म्हणून जुना टू-इन-वन आम्हाला आणून दिला, सोबत लग्नाच्या गाण्यांची एक कॅसेट. आप्पांनी विचारलं की यात आपला आवाज भरता येतो का. मामांनी कॅसेटच्या डोक्यावरच्या दोन भोकांवर कागद चिकटवला आणि येतो म्हणाले. आप्पांनी मला बोलावलं. मला मुळीच हौस नव्हती, दुसऱ्या दिवशी फिजिक्सची चाचणी होती. पण ते ऐकेनात. "काय वाचतीस तेच वाच," म्हणाले. मी वैतागून पुस्तक उघडलं आणि सुरू केलं.

इंग्रजीतलं पान होतं, पण गोष्ट तीच. डोक्यावर ओझं घेऊन एक माणूस नुसता उभा आहे. वर्क डन इज झिरो. हे मी नववीपासून तोंडपाठ म्हणत आले होते. पण इंग्रजीमुळे गाडी हळू चालली होती आणि सरांचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून मी त्या वाक्यापाशी थांबले. आणि पहिल्यांदाच तो माणूस मला दिसला. उन्हात उभा, डोक्यावर पोतं, मान ताठलेली, घाम गळतोय. काम शून्य म्हणतात ते ओझ्यावर झालेलं काम, ओझं जागचं हललं नाही म्हणून शून्य. ठीक. मग हा माणूस दमतो कशाने? त्याच्या अंगातलं काहीतरी खर्च होतंच आहे, ते जातं कुठे? पुस्तकात यातलं अक्षर नव्हतं. इतकी वर्षं मी हे वाक्य बोलत होते, वाचलं आज.

उंबऱ्यावरून आप्पांची नेहमीची विचारणा आली, का थांबलीस गं. मी काय उत्तर दिलं ते पुढे येईलच. दिलं, पुस्तक उचललं आणि आत जाऊन मुकाट्याने बसले. टेप बराच वेळ तसाच फिरत होता, मग मामांनी बंद केला.

दुसऱ्या दिवशी सरांना तो प्रश्न विचारला तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, याचं उत्तर आपल्या पुस्तकात नाही, स्नायू कसा चालतो ते बघावं लागेल, आणि हा प्रश्न पडला म्हणजे तुला वाचता यायला लागलं. तालुक्याच्या दोन्ही बक्षिसांपेक्षा ते मला मोठं वाटलं.

त्या संध्याकाळपासून मी मनात वाचायला लागले. घर चिडीचूप झालं. सुरुवातीला आप्पा दर पाच मिनिटांनी उठून दारात यायचे आणि मी जागी आहे का बघायचे. एकदा म्हणाले, "वाचतीस का नुस्ती बघतीस?" मी म्हटलं वाचतेय, आता असंच वाचायचं असतं. ते बरं म्हणाले. काही दिवसांनी त्यांनी चाती उचलली आणि उंबरा सोडून बाहेर चिंचेखाली बसायला लागले. मला बरंच वाटलं, आता सारखी विचारपूस नाही म्हणून. सोळा वर्षांच्या पोरीला आपलं सोडून दुसरं काय दिसतं? उंबऱ्यावरून उठून चिंचेखाली गेलेला माणूस मला तेव्हा दिसला नाही, तो खूप उशिरा दिसला.

बारावीनंतर पुण्याला गेले आणि माझं विस्थापन झालं. बी.एस्सी., एम.एस्सी., मग संशोधन. विषय तोच, स्नायू. हॉस्टेलात मुलींची सतत वर्दळ असायची, पण मला माणसांत बसवत नसे. माझी भाषा ऐकून त्या गालात हसायच्या. मी "व्हतं"चं "होतं" केलं, "लई"चं "खूप" केलं आणि उरलेला वेळ लायब्ररीत काढला. तिथे पहिल्या आठवड्यात एक अवघड वाक्य नकळत ओठांवर आलं तर समोरच्या मुलाने बोट तोंडावर ठेवलं. त्यानंतर माझे ओठसुद्धा हलले नाहीत. दिवसच्या दिवस जायचे, माझा आवाज फक्त मेसमध्ये, पोळी वाढा एवढ्यापुरता.

आमच्या घरी फोन नव्हता. रविवारी सकाळी मी बूथवरून पिंपळवंडीच्या किराणा दुकानात फोन लावायचे आणि आप्पा तिथे येऊन बसलेले असायचे. बोलणं ठरलेलं. जेवलीस का? जेवले. पाऊस हाय का? आहे. आणि शेवटी, "वाचतीस ना?" वाचते. बूथच्या मीटरवर आकडा पडत असायचा, म्हणून मग मीच ठेवते म्हणायचे. मी काय वाचते हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. गावात कुणी चौकशी केली तर ते म्हणायचे, ती पुण्याला वाचती. नोकरी करती, शिकती असं नाही. वाचती.

संशोधनात माझ्या मार्गदर्शक बाई शोधनिबंध हातात द्यायच्या आणि विचारायच्या, यात काय लिहिलेलं नाही ते सांग. निष्कर्ष सगळेच वाचतात, तू आलेखाखालची बारीक अक्षरं वाच. मी एकेक निबंध आठ-आठ दिवस वाचायचे. बाकीची मुलं एका दुपारी तीन उडवायची आणि मला कासव म्हणायची. एका दिवाळीत सगळे घरी गेले होते. मला प्रयोग सोडून जाता येत नव्हतं, निदान मी आप्पांना तसं सांगितलं होतं. भर दुपारी रिकाम्या लायब्ररीत एका नावाजलेल्या निबंधात मला एक गोम सापडली. निष्कर्ष म्हणत होता एक, आणि त्यांचाच आलेख नीट वाचला तर दाखवत होता दुसरं. मी तीन वेळा तपासलं. मग उठून उभी राहिले. कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं. काउंटरवरचे काका पेंगत होते. खिडकीखाली रखवालदाराची बायको पणत्या वाळत घालत होती. एवढा आनंद झालेला आणि सांगायला चिटपाखरू नाही. मला आप्पांची आठवण झाली, आणि लगेच वाटलं की त्यांना काय सांगणार, त्यांना कळायचं नाही. मी पुन्हा खाली बसले आणि रडले. त्या गोमेवरच माझा अर्धा प्रबंध उभा राहिला, पण आजही त्या दुपारची आठवण आली की मला तो आनंद आठवत नाही, ते गप्प बसणं आठवतं.

प्रबंध पूर्ण झाला त्या वर्षी मला आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. मंचरला खोली घेतली. पहिल्याच वर्गात एका मुलीला परिच्छेद वाचायला सांगितला. पाण्यासारखा वाचला पोरीने. मी विचारलं, काय म्हणतोय तो? तिने तोच परिच्छेद पुन्हा वाचला, जरा मोठ्याने. वर्ग हसला नाही, कारण त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. मी मात्र त्यांच्याकडे पाठ करून फळा पुसायला लागले.

त्याच शनिवारी घरी निघाले. बांधून आलेला प्रबंध पिशवीत होता. आप्पांना दाखवावा, हात लावू द्यावा, एवढाच विचार. हायवेला उतरून मळ्याच्या वाटेला लागले तेव्हा दिवस कलला होता. घर जवळ आलं तसं आतून कुणी इंग्रजी बोलत असल्याचं ऐकू आलं. मला वाटलं रेडिओ. पण रेडिओवर इतकं वाईट इंग्रजी कोण बोलेल? दोन पावलं पुढे गेले आणि जागच्या जागी थांबले. तो माझा आवाज होता. सोळा वर्षांची मी, घडाघडा वाचत होते. वर्क डन इज झिरो, म्हटलं आणि थांबले. टेपची खरखर. मग लांबून आप्पांचा आवाज, भरदार, तेव्हाचा.

"का थांबलीस गं?"

आणि माझं उत्तर, तुसडं.

"काहीतरी कळलंय मला. बोलू नका. तुमाला न्हाई कळायचं."

मग नुसती खरखर. आत कुणी टेप बंद केला नाही. आप्पा ती खरखरसुद्धा ऐकत बसले होते. मी दारात जाऊन उभी राहिले तशी ते गडबडून बटणं दाबायला लागले, तर दुसरंच दाबलं गेलं आणि टेप किंचाळला. पुन्हा उंबऱ्याशीच बसले होते, मांडीवर चाती. केस पार पांढरे झाले होते. हे कधीपासून ऐकताय, मी विचारलं. म्हणाले, रोज नाय, कधीमधी. पण कॅसेटवरची अक्षरं बोटांनी घासून पुसली गेली होती.

मी पिशवी घेऊन तशीच उभी. आप्पांनी चहा टाकू का विचारलं, उठले नाहीत. मग खाली बघत म्हणाले, "येक इचारू? त्या टायमाला तुला काय कळलं व्हतं?"

बारा वर्षं झाली होती त्याला. मी त्यांच्यासमोर उंबऱ्यावर बसले आणि सांगितलं. माझ्या आधीच्या भाषेत सांगितलं, ती आपोआप आली. आप्पा, येक मानूस डोक्यावर पोतं घिऊन दिसभर उभा ऱ्हायला. हलला नाय. तर शास्त्र म्हणतं, त्या पोत्यावर त्यानं कायबी काम केलं नाय. कार्य शून्य. लग्नाचं नव्हं, कामाचं. तेवढं ऐकून आप्पा हसले नाहीत. त्यांनी मांडीवरची चाती खाली ठेवली.

"काम शून्य," ते म्हणाले. "मंग त्यो दमतो कशानं?"

माझ्या पिशवीत दोनशे पानं होती आणि त्या दोनशे पानांत हाच एक प्रश्न होता. मला तो कळायला नववीपासून अकरावीपर्यंत दोन वर्षं लागली होती आणि एक पुस्तक, एक सर, एक परकी भाषा लागली होती. आप्पांना एक वाक्य पुरलं, कारण कुणीतरी ते त्यांना पहिल्यांदाच सांगितलं होतं. तुमाला न्हाई कळायचं हे मात्र मी त्यांना बारा वर्षं रोज ऐकवत होते, स्वतःच्या आवाजात, या टेपमधून.

मी प्रबंध काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. सांगितलं की यात तेच आहे, तो दमतो कशानं ते. त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला, पहिलं पान उघडलं, अक्षरांवर बोट ठेवलं आणि प्रबंध परत माझ्याकडे दिला. मोठ्यानं वाच म्हणाले.

मी पान धरलं. पहिलं वाक्य मनात मराठी केलं. तोंड उघडलं, पण आवाज काही केल्या फुटेना.

"का थांबलीस गं?" आप्पांनी विचारलं.

या वेळी मी त्यांना सांगितलं.